कॅनडाचा व्हिसा आहे, मग अमेरिकेचा कशाला?

माननीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी वडोदऱ्यात कारेलीबागेत राहते. शाळेतून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली. मुलगा आणि सून टोरंटोला असतात आणि दिवाळीनंतर आम्ही दोघे प्रथमच त्यांच्याकडे निघालो आहोत. कॅनडाचा व्हिसा दोघांच्याही पासपोर्टवर लागला आहे. मुलाने तिकिटांचे तीन पर्याय पाठवले आहेत. सर्वांत स्वस्त आहे तो मुंबई–फ्रँकफर्ट–नेवार्क–टोरंटो. दुसऱ्यात मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायचे आणि पाच तासांनी गॅटविक विमानतळावरून वेगळ्या तिकिटाने टोरंटोचे विमान धरायचे. या दोन्हींसाठी वडोदरा–मुंबई तिकीट आम्ही निराळे काढायचे आहे. तिसरा पर्याय अहमदाबाद–दुबई–टोरंटो असा एकाच तिकिटावर आहे. त्यात दुबईला पावणेपाच तासांचा थांबा आहे, पण तो पहिल्यापेक्षा दोघांचे मिळून २२ हजारांनी महाग पडतो. मुलगा म्हणतो, “मध्ये विमानतळाबाहेर जायचेच नाही, तर व्हिसा कशाला लागेल?” मला मात्र खात्री वाटत नाही. यजमान ६९ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे कमाटीबागेची अर्धी फेरी झाली की त्यांना बाकावर बसावे लागते. माझे इंग्रजी वाचण्यापुरते ठीक आहे, बोलताना मी अडखळते. विमान बदलायचे कसे, सामान कुठे मिळते, पहिले विमान उशिरा आले तर काय, हे कृपया नीट समजावून सांगावे.

— एक वाचक भगिनी, वडोदरा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे आणि जगातल्या बऱ्याच विमानतळांच्या बाबतीत त्याचे म्हणणे बरोबरही ठरते. परंतु त्याने पाठवलेल्या पहिल्याच पर्यायात ते चुकते. रावपुऱ्यातल्या एका तिकीट कार्यालयात मी २२ वर्षे काम केले. त्या काळातली एक रात्र मला अजून आठवते. दांडिया बाजारातल्या एका काका-काकूंनी स्वतःच इंटरनेटवर तिकिटे काढली होती. ते कॅनडाला मुलीकडे निघाले होते आणि मधला थांबा अमेरिकेत होता. रात्री दीड वाजता मुंबई विमानतळाच्या काउंटरवरून काकूंचा मला फोन आला. काउंटरवरच्या मुलीने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून लाल अक्षरांतली ओळ दाखवली होती आणि काकू ती ओळ मला एकेक अक्षर लावून वाचून दाखवत होत्या. दोघांची भरलेली बॅग वजनकाट्यावरून खाली उतरवली गेली. कागदपत्रे खरी होती, कॅनडाचा व्हिसा खरा होता, तिकीट खरे होते. फक्त मधल्या देशाचा व्हिसा नव्हता. मी फोनवर काहीही करू शकले नाही. तेव्हापासून कुणीही तिकीट दाखवायला आणले की मी प्रथम मधला थांबा पाहते, भाडे नंतर.

काउंटरवरची ती ओळ कुठून येते हे समजून घेणे तुमच्या उपयोगाचे आहे. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची टिमॅटिक नावाची एक माहितीसंपदा आहे. प्रवाशाचे नागरिकत्व, त्याच्याकडचे व्हिसा, शेवटचे ठिकाण आणि मधले थांबे तीत भरले की कोणती कागदपत्रे हवीत ते समोर येते. कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी नेऊन उतरवला तर त्या देशाचे सरकार कंपनीला दंड करू शकते, म्हणून काउंटरवरचा कर्मचारी त्या पडद्यापलीकडे जात नाही आणि त्याची कितीही विनवणी केली तरी त्याच्या हातात काही नसते. मुलाला सांगा की तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी हाच प्रश्न विमान कंपनीला लेखी विचार, आणि विचारताना “भारतीय पासपोर्ट, कॅनडाचा व्हिसा” हे शब्द व प्रत्येक थांब्याचे नाव त्यात घाल.

आता पहिला पर्याय. फ्रँकफर्टची तुम्हाला अडचण नाही. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकच समाईक व्हिसा असलेल्या जर्मनीसारख्या युरोपीय देशांच्या, नियमांत विमानतळापुरता निराळा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे नुसते विमान बदलण्यासाठीचा व्हिसा, असतो, पण कॅनडा, अमेरिका किंवा जपान यांचा वैध व्हिसा जवळ असलेल्या प्रवाशाला त्यातून सूट आहे. (शेंगेन देशांत लागोपाठ दोन थांबे असले, म्हणजे समजा म्युनिकला उतरून पुन्हा फ्रँकफर्टला विमान बदलायचे असले, तर गोष्ट वेगळी होते. त्या दोन शहरांमधला प्रवास देशांतर्गत धरला जातो, पहिल्याच ठिकाणी इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि मग पुरता शेंगेन व्हिसा लागतो.) अडचण आहे ती नेवार्कला. अमेरिकेच्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या अलीकडे बसून राहून पुढचे परदेशी विमान धरण्याची सोयच नाही. तिथे उतरणारा प्रत्येक परदेशी प्रवासी, दोन तासांसाठी का असेना, रीतसर अमेरिकेत प्रवेश करतो, आपली बॅग पट्ट्यावरून उचलतो, कस्टम्समधून नेतो आणि पुन्हा जमा करतो. त्यासाठी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा किंवा सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा हवा. कॅनडाचा व्हिसा तिथे चालत नाही. सी-१ साठी अर्जाचे शुल्क माणशी १८५ डॉलर आहे, शिवाय मुलाखतीची तारीख मिळवायची आणि तिच्यासाठी मुंबईला जाऊन यायचे. दोघांचे मिळून ३७० डॉलर होतात, म्हणजे तिसऱ्या पर्यायाहून वाचणारे तुमचे २२ हजार तिथेच संपतात आणि वर आणखी खर्च होतो. हा पर्याय तुम्ही आजच बाजूला ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडाचा नियमही असाच आहे बरे का. तिथे नुसते विमान बदलणाऱ्या भारतीयालाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, फक्त तो ४८ तासांच्या आतल्या थांब्यासाठी असतो आणि त्याला शुल्क नसते.

तुमच्या ओळखीत कुणाची मुले अमेरिकेत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट जाता जाता सांगते. अबू धाबीच्या विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी बसतात. तिथून थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानाच्या प्रवाशांची तपासणी अबू धाबीतच उरकते आणि अमेरिकेत ते देशांतर्गत प्रवाशांसारखे उतरतात. वयस्कर माणसांना लांबच्या प्रवासानंतर तिकडच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे.

दुसरा पर्याय मला पहिल्यापेक्षाही अधिक काळजीचा वाटतो, कारण तो कागदावर शक्य दिसतो. ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टधारकाला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायलाही एरवी ट्रान्झिट व्हिसा लागतो. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते, आणि ती तुम्हाला मिळेल. परंतु हीथ्रोला उतरून गॅटविकला जायचे म्हणजे विमानतळाच्या आत राहणे नव्हेच. तुम्हाला ब्रिटनच्या सीमेवरून बाहेर पडावे लागेल. कॅनडाचा व्हिसा आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपूर्वीचे पक्के तिकीट असलेल्या प्रवाशाला व्हिसाशिवाय असे बाहेर पडू देण्याची तरतूद आहे, पण परवानगी द्यायची की नाही हे त्या खिडकीतला अधिकारी ठरवतो. ती मिळाली तरी पुढे इमिग्रेशनची रांग, मग पट्ट्यावरून बॅगा, मग साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता, मग गॅटविकला पुन्हा काउंटर, पुन्हा वजन, पुन्हा सुरक्षा तपासणी. काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. पाच तास ऐकायला भरपूर वाटतात, पण मुंबईचे विमान दीड तास उशिरा पोचले तर हातात काहीच उरत नाही. तिकिटे निराळी असल्यामुळे गॅटविकच्या कंपनीला तुमच्या उशिराशी काही देणेघेणे नसते. ती तुम्हाला ‘आलेच नाहीत’ असे नोंदवते, आणि त्या तिकिटावर परतीचा प्रवासही असला तर तोही बहुधा त्याच क्षणी रद्द होतो. पुढच्या विमानाचे नवे तिकीट त्या दिवशीच्या भावाने, दोघांसाठी, तिथे उभे राहून काढावे लागते.

म्हणून तिसरा पर्याय घ्या. बावीस हजार ही लहान रक्कम नाही हे मी जाणते, निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याला ती चांगलीच जाणवते. पण त्या पैशांत तुम्ही दुबईची सहल विकत घेत नसून कंपनीची जबाबदारी विकत घेत आहात. सगळा प्रवास एकाच पी.एन.आर.वर असला की अहमदाबादचे विमान उशिरा निघून टोरंटोचे चुकले तर पुढच्या विमानात जागा देणे हे कंपनीचे काम असते आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत; रात्र काढावी लागली तर हॉटेल व लागेल तो व्हिसा यांची सोयही सहसा तीच पाहते. प्रत्येक विमानतळावर दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे ठरलेले असते आणि एकाच तिकिटावर त्याहून कमी वेळाची जोडणी विकली जात नाही. निराळ्या तिकिटांना असे कुणाचेच संरक्षण नाही. दुबईला तुम्ही इमिग्रेशन ओलांडणार नसल्यामुळे तिथला व्हिसा लागत नाही. पावणेपाच तास यजमानांच्या गुडघ्यांना सोयीचे आहेत. कुणी दीड तासाचा थांबा सुचवला तर तो घेऊ नका.

या पर्यायाचा आणखी एक फायदा मुलाच्या लक्षात आलेला दिसत नाही. हरणीहून, म्हणजे आपल्या वडोदऱ्याच्या विमानतळावरून, मुंबईला विमानाने जायचे तर ते टर्मिनल १ ला उतरेल की २ ला हे कंपनीवर अवलंबून असते, आणि परदेशी विमाने टर्मिनल २ वरून सुटतात. दोन्हींमध्ये चार-पाच किलोमीटरचा रस्ता आहे. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रोची स्थानके दोन्ही टर्मिनलांना झाली आहेत, तरीही दोन मोठ्या बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन तो बदल करणे कष्टाचेच. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्यामुळे तिकिटावर नुसते ‘मुंबई’ वाचून भागत नाही. विमानतळाचे तीन अक्षरी चिन्ह पाहायचे. बी.ओ.एम. म्हणजे जुना, एन.एम.आय. म्हणजे खाडीपलीकडचा नवा. अहमदाबादला तुम्ही घरातून गाडीत बसाल, द्रुतगती महामार्गाने दोन तासांत टर्मिनल २ च्या दाराशी उतराल. पहाटेचे विमान असेल तर गाडी आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि सुटण्याच्या वेळेआधी साडेतीन तास तिथे पोचा.

अहमदाबादच्या काउंटरवर दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बॅगेच्या मुठीला जी लांब चिठ्ठी गुंडाळतात तिच्यावर सर्वांत ठळक अक्षरांत शेवटच्या विमानतळाचे चिन्ह असते. ते टोरंटोचे, म्हणजे वाय.वाय.झेड. असले पाहिजे, आणि त्याच्याजवळ लहान अक्षरांत दुबईचे डी.एक्स.बी. दिसेल. ठळक अक्षरांत डी.एक्स.बी. असले तर बॅग दुबईलाच राहील, तिथल्या तिथे “टोरंटो?” एवढा एक शब्द बोट ठेवून विचारा, तेवढे इंग्रजी पुरते. त्या चिठ्ठीचा लहान तुकडा पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, कारण बॅग आली नाही तर तोच क्रमांक मागतात. दुसरे म्हणजे दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास तिथेच मागून घ्या. दुसऱ्यावर गेटची जागा रिकामी असली तर घाबरू नका, गेट पुष्कळदा उशिरा ठरते.

आता यजमानांच्या गुडघ्यांविषयी. व्हीलचेअर मागण्यात कमीपणा मानू नका. मोठ्या विमानतळांवर एका गेटपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर कमाटीबागेच्या अर्ध्या फेरीहून सहज जास्त भरते. ही सेवा विनामूल्य असते. ती तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी कंपनीला कळवून नोंदवायची. नोंदीचे तीन प्रकार असतात. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, अशा प्रवाशासाठी डब्ल्यू.सी.एच.आर. ही नोंद, पायऱ्याही चढवत नसतील तर डब्ल्यू.सी.एच.एस., आणि मुळीच चालता येत नसेल तर डब्ल्यू.सी.एच.सी. तुमच्या वर्णनावरून पहिली किंवा दुसरी लागेल, ते त्यांनाच विचारून ठरवा. तुम्हालाही दमायला होत असेल तर तुमच्यासाठी वेगळी नोंद करा. एकाच खुर्चीमागे दुसऱ्याला धावत राहावे लागते आणि तसे होऊ नये. दुबईला विमान थांबले की उठण्याची घाई करू नका. बाकीचे प्रवासी उतरल्यावर मदतनीस दारापाशी येतो, तोवर जागेवरच बसा; एकदा दारापासून पुढे गेलात की तो तुम्हाला शोधत राहतो आणि तुम्ही त्याला.

मदतनीस सोबत असला तरी वाट तुम्हाला माहीत असावी. विमानातून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर रस्ता दोन दिशांना फुटतो. एका पाटीवर ‘अरायव्हल्स’ आणि ‘बॅगेज’ लिहिलेले असते. बहुतेक गर्दी तिकडे वळते आणि आपलीच माणसे जाताना दिसली की पाय आपोआप त्यांच्यामागे निघतात. तिकडे जाऊ नका, तो शहरात जाण्याचा मार्ग आहे. तुमची पाटी ‘ट्रान्स्फर्स’ किंवा ‘कनेक्शन्स’ अशी असेल. पुढे हातातल्या सामानाची पुन्हा सुरक्षा तपासणी होते, म्हणून विमानात घेतलेली पाण्याची बाटली आधीच रिकामी करा. तपासणीनंतर मोठा पडदा लागेल, त्यावर आपला विमान क्रमांक शोधायचा, शहराचे नाव नव्हे, कारण एकाच शहराला एकाहून अधिक विमाने असतात. गेटच्या अक्षरावरून कळते की आहात त्याच भागात राहायचे की आतल्या गाडीने किंवा बसने दुसऱ्या भागात जायचे. दोन्ही विमाने एकाच कंपनीची असतील तर टर्मिनल सहसा बदलत नाही, तरी निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाकडून एकदा तपासून घ्या. आधी गेट पाहून या आणि मग निवांत चहा घ्या.

वेळेबाबत एक गोंधळ पुष्कळांचा होतो. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, म्हणून मनगटावरच्या घड्याळात भारताची वेळ राहिली तर सगळा हिशेब चुकतो. उतरल्या उतरल्या घड्याळ लावा, आणि लक्षात ठेवा की बोर्डिंग पासवर छापलेली बोर्डिंगची वेळ पाळायची असते, सुटण्याची नव्हे.

औषधे सगळीच्या सगळी हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. गुडघेदुखीसाठी यजमानांना ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी आधी बोला. संयुक्त अरब अमिरातीत ही औषधे नियंत्रित यादीत आहेत आणि नुसत्या ट्रान्झिट प्रवाशालाही तिथला कायदा लागू होतो.

त्याच कायद्यामुळे आणखी एक सांगते, कारण दिवाळीनंतर निघणारी कोणतीही आई रिकाम्या हाताने निघत नाही. अमिरातीत खसखस बाळगणे हा गुन्हा आहे. मोठ्या बॅगेतली असो, हातातली असो, मसाल्यात दळलेली असो, तिचा एक दाणाही सोबत असता कामा नये. घरचा गोडा मसाला नेणार असाल तर तो खसखशीशिवाय वेगळा दळून घ्या. लोणचे आणि तूप मोठ्या बॅगेत घाला, टोरंटोला उतरल्यावर खाद्यपदार्थ आणल्याचे विचारतील तेव्हा “हो” म्हणून सांगा. अनारसे न्यायचे असतील तर या खेपेला ते तिळावर थापा आणि डब्याच्या तळाशी जुन्या अनारशांची खसखस चिकटलेली नाही ना, हे डबा धुऊन, कोरडा करून, उजेडात धरून पाहा.